सारे एकाच पंगतीत

देवरावभाऊंना कुठलंच सॉफ्टवेअर परकं वाटत नाही. आमच्या महागावच्या कॉलेजात ते कॉम्प्युटर लॅब सांभाळतात, मी शिकवते. लॅबमधल्या लिनक्स सिस्टिमला सॉफ्टवेअरचे ‘डेब’ नावाचे गठ्ठे लागतात. वेगळ्या घराण्याचे ‘आरपीएम’ गठ्ठे त्याला चालत नाहीत. हे मी दहादा सांगितलं.

“चालत काहून नाही मॅडम? बसवा सारे एकाच पंगतीत!” म्हणत भाऊ आरपीएमचा डेब करतात आणि दामटून बसवतात. मशीन कुरकुरलं की त्याला थोपटतात. “सरकून घे बापा, जागा दे.”

परीक्षेच्या सकाळी साडेदहाला सात नंबरच्या मशीनचा पडदा काळाठिक्कर. ते पायलचं मशीन. फुलसावंगीच्या पायलला दिसत नाही; कॉम्प्युटर तिला प्रश्न वाचून दाखवतो. अकराला पेपर, आणि बाहेरचे परीक्षक ऑफिसात चहा पीत होते.

“भाऊ, काय बसवलंत?”

“नवा आवाज. जुन्याचं मराठी तिले समजेच ना. हा मस्त भेटला, पण आरपीएममधी.”

त्या गठ्ठ्याने सिस्टिमची एक महत्त्वाची फाईल हुसकून आपली ठेवली होती.

“पायल, लेखनिक घेतेस का?” मी विचारलं.

“नाही मॅडम. मी सोताच लिहीन.”

भाऊंचा चेहरा उतरला. काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टाइप करत त्यांनी गठ्ठा उपटला. मी शेजारच्या मशीनवरून मूळ फाईल पेन ड्राइव्हमध्ये आणली. पडदा उजळला. पण आवाज गेला, नवाही आणि जुनाही. पावणेअकरा झाले होते.

“अजून एक आवाज हाये,” भाऊ पुटपुटले, “आपलं सारं सामान सोबत घेऊन येते. कोणाले हात लावत नाही.”

तो न बसवताच चालणारा ‘ॲपइमेज’ गठ्ठा मीच त्यांना सुचवला होता. तेव्हा त्यांनी त्याला माणूसघाणा म्हणून नाक मुरडलं होतं. आता तोच चालवला. पाच मिनिटं राहिली असताना पायलच्या हेडफोनमध्ये मराठी उमटलं. ती हसली. भाऊ मट्‌कन स्टुलावर बसले.

पेपर तिने वेळेआधी संपवला, एकटीने.

सगळे गेल्यावर मी सात नंबरचं मशीन बंद करायला गेले, तर भाऊंनी आवाज तपासायला लिहिलेली ओळ तशीच उघडी होती. हेडफोनची वायर काढून मी सहज वाचून दाखवायचं बटण दाबलं.

“आले काय? आज लय उशीर केला,” एका बाईचा आवाज म्हणाला.

वहिनींना जाऊन तीन वर्षं झाली. भाऊ घरी एकटेच असतात. ते खुर्च्या लावत होते. पाठमोरेच, अगदी सवयीने म्हणाले, “हो, आलो.”