बिनपगारी स्कॉटलंड

मे महिन्यात दुपारी दोन वाजता, जेव्हा सौंसरची कुत्रीसुद्धा नालीत पाय सोडून पडलेली असतात, तेव्हा आमचे घरमालक यादवराव अंगणातल्या खाटेवर लोकरीचा ओव्हरकोट घालून बसलेले असत. कोटाच्या सगळ्या गुंड्या लावलेल्या, गळ्यात मफलर, डोक्यात माकडटोपी, पायांत मोज्यांचे दोन जोड. घाम कानशिलावरून निघून मफलरमध्ये जिरत असे आणि ते शांतपणे समोरच्या भिंतीकडे पाहत बसत.

पहिल्या दिवशी मला वाटलं, हिवताप आला. मी विचारलं, "यादवराव, डॉक्टरांना बोलावू का?"

"काहून?"

"थंडी वाजते ना तुम्हाला?"

"थंडी कुठं वाजून राहिली, सर? भट्टी होऊन राहिली अंगाची. पण सवय कराव लागते ना जी. तिकडं वर्षभर हाच कोट राहीन अंगावर."

"अहो, पण सवय थंडीची करायची असते, कोटाची नव्हे!"

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "थंडी सौंसरात कुठून आणू? कोट आहे. जे आहे त्याची सवय करून राहिलो."

मी आत जाऊन पंख्याखाली बसलो.

मी मूळचा पांढुर्ण्याचा. सौंसरच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर म्हणून बदली झाली आणि यादवरावांची समोरची खोली भाड्याने घेतली. घरात ते एकटेच. लग्न केलेलं नाही. एक बहीण होती, ती मी यायच्या आधीच्या हिवाळ्यात वारली, एवढं ऐकलं होतं. मी काही खोदून विचारलं नाही. भाडेकरूने घरमालकाला जितकं कमी विचारावं तितकं बरं. मग तोही कमी विचारतो.

यादवराव एका जिनिंगमध्ये मापारी होते. कापसाचं पोतं काट्यावर चढलं की वजन मोठ्याने ओरडायचं, बारदाना म्हणजे पोत्याचं वजन वजा करायचं आणि निव्वळ माल किती तो पुन्हा ओरडायचा. तीस वर्षं हेच केल्यामुळे माणसाचं बोलणंही ते काट्यावरच घेत. मी कधी म्हणायला लागलो, "यादवराव, उद्या जरा पांढुर्ण्याला जाऊन यावं म्हणतो, आईचं गुडघ्याचं दुखणं आहेच, त्यात सकाळची बस भरून येते, म्हणून लवकर निघावं लागेल, तेव्हा..." की ते हात वर करत.

"बारदाना काढून सांगा, सर."

"उद्या माझं पाणी तुम्ही भरून ठेवा."

"हाव."

अशा माणसाने वयाच्या बावन्नाव्या वर्षी ठरवलं, की वर्षभरासाठी स्कॉटलंडला जायचं. तिथे म्हणे एक घर आहे. त्यात मतिमंद माणसं राहतात, आणि देशोदेशीचे स्वयंसेवक वर्षभर येऊन त्यांच्याबरोबर राहतात, त्यांचं सगळं करतात. राहणं-जेवण त्यांचं, तिकीट आपलं, पगार शून्य. पत्ता नागपूरच्या एका दवाखान्यातल्या गोऱ्या नर्सबाईने दिला होता. यादवराव तिथे कशाला गेले होते, तेही मी विचारलं नाही.

सौंसरला परदेश माहीत नव्हता असं नाही. कोणाचा भाचा दुबईला होता, कोणाचा जावई अमेरिकेत, आणि वर्षा-दोन वर्षांनी तिकडून टेपरेकॉर्डर येत असे. पण परदेशी जाऊन काही न मिळवणं आणि वरून जाण्यासाठी इथे वर्गणी मागणं, हा प्रकार गावात पहिलाच. यादवरावांनी आपला फंड मोडला होता. तरी तिकिटाला कमी पडत होतं, म्हणून ते दुकानोदुकानी निघाले. मला बरोबर नेलं, कारण मास्तर सोबत असला की मागणाऱ्याला वेडा म्हणायला लोक थोडे कचरतात.

पहिलं दुकान किराणावाल्या गुलाबशेठचं.

"पगार किती?" शेठनी विचारलं.

"नाई जी."

"मंग वरकमाई असन."

"नाई."

"काम का आहे?"

"आंघोळ घालाची, जेवू घालाचं, फिरायले न्याचं."

"फुकट?"

"फुकट."

शेठनी गुळाच्या भेलीवरची माशी हाकलली. मग म्हणाले, "आमच्या बापूजीले लकवा आहे. फुकटच कराचं तं इथंच या ना भाऊ. तिकीट लागत नाई. चहा दोन टाइम."

दुकानातले सगळे हसले. खरं सांगतो, मलाही शेठचं म्हणणं पटलं. यादवराव मात्र "येतो" म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सहाला जाऊन बापूजींना आंघोळ घालू लागले. आठ दिवस शेठनी मजा पाहिली. नवव्या दिवशी स्वतः आमच्या दारात आले, पाकीट ठेवलं, आणि "बापूजी तुमच्याशिवाय दुसऱ्याले हात लावू देत नाई आता. का करून ठेवलं हे, बाप्पा?" म्हणून भांडून गेले.

बाकीच्यांनी पैशांऐवजी सत्कार केले. आपल्याकडे एखाद्याला काही द्यायचं नसलं की त्याचा सत्कार करतात. लोधीखेड्याला अध्यक्षांनी त्यांची ओळख "अमेरिकेला निघालेले आपले डॉक्टरसाहेब" अशी करून दिली आणि शाल-श्रीफळ दिलं. महिन्याभरात घरात नऊ शाली आणि अकरा नारळ झाले. शाली ठेवल्या. नारळ जामसांवलीला मारुतीच्या देवळाबाहेरच्या एका दुकानात विकले. पुढच्या सत्काराला श्रीफळ हातात पडताच यादवरावांनी ते तळव्यावर तोललं, आणि टाळ्या चालू असताना माझ्या कानात म्हणाले, "हे माहंच आहे जी. मांगच्या मंगळवारी इकलं होतं."

शेवटी मीच युक्ती काढली. अजूनही मला त्याबद्दल बोलणी खावी लागतात.

यादवराव नुसतं पाहून वजन सांगत. पोतं असो, बकरी असो, माणूस असो. म्हणून आम्ही जिनिंगचा काटा बसच्या टपावर टाकून पांढुर्ण्याच्या आठवडी बाजारात नेला. मी पाटी लिहिली: आधी नजरेने वजन सांगू, मग काट्यावर, अर्ध्या किलोचा फरक पडला तर पैसे परत. पैसे एकदाही परत करावे लागले नाहीत. गडीमाणसांची ही गर्दी झाली.

बायका मात्र लांबून पाहत होत्या. म्हणून मी माझ्या सख्ख्या मावशीला आग्रह करून काट्यावर उभं केलं. यादवराव तिला आधी हळूच काही सांगतील असं मला वाटलं होतं. पण काट्यावर काही चढलं की त्यांच्या गळ्यात जिनिंग जागं होई. हात कानामागे गेला आणि आरोळी उठली:

"एकोणऐंशीऽऽ! बारदाना एकऽऽ! निव्वळ अठ्ठ्याहत्तरऽऽ!"

बारदाना म्हणजे मावशीचं नऊवारी लुगडं.

मिरच्यांवाल्याने तराजू खाली ठेवला. मावशी काट्यावरून उतरली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि घरी गेली. दिवाळीपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. पण गंमत अशी, की त्यानंतर बायकांची रांगच लागली. आपण मावशीपेक्षा कमी आहोत, हे प्रत्येकीला अख्ख्या बाजाराला ऐकवायचं होतं. असे चार बाजार केले आणि तिकिटाचं जमलं.

मग इंग्रजी. मी रीतीप्रमाणे 'तुमचे नाव काय'पासून सुरुवात केली. यादवरावांनी वही मिटली.

"नाव कायले विचारतीन ते? कागदावर लिहिलं आहे ना."

त्यांनी स्वतःच एक यादी करून आणली होती. पाणी गरम नाही, मी हात घालून पाहिला. नखं काढू, दुखणार नाही. तोंड पुसू. भिऊ नको, मी इथेच आहे. आता झोप. याचं इंग्रजी करून द्या म्हणाले. माझी चिडचिड झाली; ना काळ, ना कर्ता-कर्म, नुसती सुटी वाक्यं. दिलं करून. ते त्यांनी देवनागरीत उतरवून घेतलं आणि दिवसभर जिनिंगमध्ये दोन पोत्यांच्या मधल्या वेळात, आधी मराठी मग इंग्रजी, असं मोठ्याने पाठ करत राहिले. हमाल मला रस्त्यात अडवून विचारू लागले, मास्तर, भाऊ कोणाले भेऊ नको भेऊ नको म्हणून राहिले?

विमानात सामान वीस किलोच चालतं, हे कळलं तेव्हा तर त्यांना सणच आला. कंगव्याची मूठ कापली, आरशाची चौकट काढली, दाढीचा ब्रश दांड्याशिवाय घेतला. अंगावरचं वजन मोजत नाहीत असं कोणी तरी सांगितल्यावर तिखट, हळद आणि डाळीचं पीठ ओव्हरकोटाच्या खिशांत गेलं. सौंसरकर हसत. पण आता ते हसणं आपल्या माणसाला हसण्यासारखं होतं. गुलाबशेठनी तर सांगून टाकलं होतं, की निघायच्या दिवशी नागपूरच्या बसपर्यंत बँड लावू.

आणि श्रावणात स्कॉटलंडहून पत्र आलं.

रविवारची दुपार होती. पाकीट मी फोडलं, कारण इंग्रजी माझं. आत आम्ही पाठवलेला अर्जाचा फॉर्मच परत आला होता आणि सोबत चार ओळी: 'पूर्वानुभव' हा रकाना आपण कोरा ठेवला आहे. अशा कामाचा अनुभव असल्याशिवाय आम्हाला कोणाला घेता येत नाही. तपशील भरून उलटटपाली पाठवावा, नाही तर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल.

तो रकाना कोरा मीच ठेवला होता. फॉर्म भरताना यादवराव म्हणाले होते, "अनुभव नाई जी, तो सोडा," आणि मी सोडला होता.

"आता लिहून टाकू," मी म्हणालो. "दवाखान्यात सेवा, पाच वर्षं. कोण येतंय पाहायला?"

"खोटं वजन नाई लिहीत मी."

"अहो, बापूजींना आंघोळ घालता ना?"

"त्याले तीन महिने झाले. तीन महिने लिहा."

"तीन महिन्यांवर कोण घेणार आहे? यादवराव, नऊ शाली अंगावर घेतल्यात! माझ्या मावशीची अब्रू गेली तुमच्यासाठी! बँड ठरलाय! उद्या लोक तोंडात शेण घालतील दोघांच्याही."

"नाई घेतलं तं नाई घेतलं."

मग माझं डोकंच फिरलं. मी फॉर्म खाटेवर आपटला. "मग घ्यावं तरी कशाला त्यांनी तुम्हाला? आजवर कोणाचं काय केलंत तुम्ही?"

यादवराव मोज्यांच्या जोड्या लावत होते. त्यांचे हात थांबले. म्हणाले, "घरच्या माणसाचं धरतात का जी?"

"कोणाचं?"

"शशीचं. माही बहीण."

आणि ते सांगू लागले, जिनिंगमधला भाव सांगावा तसं. "जन्मापासून तशीच होती ती. बोलत नव्हती. माय-बाप गेले तवा ती नऊ वर्षांची, मी एकवीसचा. मंग मीच करो. सकाळी आंघोळ घालो, वेणी घालो. दोन लागत तिले. एक घातली तं सोडून टाके. दुपारी जिनिंगमधून येऊन जेवू घालो. घास गालात धरून बसे, गालावर बोट टेकवलं का गिळे. मोठी झाली तवा बायकांचं सारं मलेच शिकाव लागलं. शेजारच्या काकीनं शिकवलं. लग्नाचं दोन ठिकाणी निघालं होतं माह्या. तिले कुठं तरी ठेवा म्हणत." त्यांनी हातातला मोज्यांचा जोड गुंडाळला. "हे अनुभवात येते का, सर? हे तं घरचं काम झालं."

मला माझी लाज वाटली. वर्षभर त्या घरात राहिलो, त्यांच्या हातचा चहा प्यालो, त्यांच्या कोटाच्या गोष्टी शाळेत रंगवून सांगितल्या, आणि एकदाही विचारलं नाही.

"येतं," मी म्हणालो. "येतं, यादवराव."

"गावात सारे म्हणतात, सुटला बिचारा. सुटलो कुठं, सर? पाचाले डोळा उघडतेच. उघडला का वाटते, उठाव, तिची वेळ झाली. मंग आठवते. हात असे मांडीवर घेऊन बसतो उजाडेपर्यंत. मले तिकडं पुण्य-बिण्य नाई कराचं जी. मले कोणी तरी पाहिजे."

मी मान खाली घालून लिहायला घेतलं. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. मी इंग्रजीत लिहिलं: बहिणीची संपूर्ण देखभाल, एकट्याने. खाली दोन लहान रकाने होते. 'केव्हापासून' आणि 'केव्हापर्यंत'. पहिल्याचं त्यांनी लगेच सांगितलं, महिन्यासकट. दुसऱ्यावर पेन टेकवून मी थांबलो.

"केव्हा वारल्या त्या?"

यादवरावांनी पेनावर हात ठेवला.

"तो राहू द्या, सर."

"अहो, कोरा ठेवला म्हणूनच तर परत आला ना हा फॉर्म! पुन्हा येईल. सगळं हातचं जाईल."

"जाऊ द्या," ते म्हणाले. "संपलं असं माह्याच्यानं नाई लिहवत."

मी तो रकाना कोरा ठेवला. फॉर्म तसाच गेला, आणि स्कॉटलंडवाल्यांनी यादवरावांना बोलावलं.