तुआसच्या वाळूत थंडी

"दार लावू नका हं, मला घुसमटतं," असं शामकांतने व्हॅनमध्ये चढताना दोनदा बजावलं. तिसऱ्यांदा बजावत असतानाच डिसेंबरचा समुद्रवारा आला आणि दार धाडकन लागलं.

व्हॅन होती आइस्क्रीमची. शामकांतच्या कंपनीची, साहेबांकडून सुट्टीपुरती मागून आणलेली. हौस मात्र त्याच्या बायकोची. सुलभाने नाशिकहून आणलेले स्वेटर सिंगापूरला आल्यापासून डांबराच्या गोळ्यांच्या कुशीत झोपले होते. दर डिसेंबरात ती वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये ट्रंक उघडायची, ते झटकायची आणि गुणगुणायची,

"थंडी माझ्या माहेराची, सांगू किती बाई,
ट्रंकेतल्या स्वेटराला वारा ठाऊक नाही."

एकदा ते हेमचंद्रने ऐकलं. हा शामकांतचा मित्र, तुआसच्या शिपयार्डातला मरीन इंजिनियर. "वहिनी, थंडी खावी तर वाळवंटात! आखातात रात्री पाहिलीये मी. आमच्या यार्डामागे समुद्रात भर घालून केलेली नुसती वाळूच वाळू आहे. वॉचमन ओळखीचा. थंडी तेवढी आपण घेऊन जाऊ."

म्हणून ही व्हॅन, यार्डामागच्या वाळूत उभी. आधी गारव्याचं यंत्र चालू ठेवून पोटभर थंडी खायची, मग ते बंद करून तिथेच गाद्या घालायच्या, असा बेत. यंत्राचं बटण पुढे, ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटपाशी. आणि दोन्ही जोडपी मागे, बंद.

"घाबरू नका," हेमचंद्र म्हणाला. "आतून उघडायला मूठ असते."

मूठ होती. त्याने ती जहाजाच्या हिशेबाने ओढली.

"उघडलं?" त्याच्या बायकोने, उल्काने विचारलं.

"मूठ माझ्या हातात आहे."

"ते दिसतंय मला! दार कुठे उघडलं?"

तेवढ्यात त्याच्या कमरेला काहीतरी किणकिणलं. शामकांत हर्षाने ओरडला, "फोन!"

"पेजर आहे रे. कुणीतरी सांगतंय, मला फोन कर."

छतावरचा इवला दिवा धुकट झाला. श्वासाची वाफ दिसू लागली. सुलभाला माहेरची पहाट आठवली, पण नाकाचा शेंडा बधिर झाला तशी तीही विसरली. शामकांतचे दात वाजत होते. "सोमवारी साहेब दार उघडतील... आइस्क्रीमच्या जागी आपण!"

"काहीतरीच तुमचं," सुलभा म्हणाली, पण तिचाही आवाज दोऱ्याएवढा बारीक झाला होता.

मग सगळ्यांनी दार बडवायला घेतलं. कुणी ताटलीने, कुणी डब्याने, हेमचंद्रने त्या मुठीने. भीतीने उल्काच्या तोंडून गणपतीचं नाव निघालं आणि तिथेच घात झाला. बडवण्याला ताल सापडला. तालामागून आरती आली. आणि मराठी माणसाची आरती एकटी कधी येते का? गणपतीच्या मागे शंकर, शंकरामागे देवी, देवीचा पदर धरून विठोबा. थांबलो तर संपलो, या धसक्याने चौघं गात राहिले. आरत्या सरल्या, तेव्हा मंत्रपुष्प सुरू केलं.

दुसऱ्याच ओळीला सगळे अडकले.

दर गणपतीत सुलभा याच जागी सगळ्यांना फैलावर घ्यायची. "एकाला धड पाठ नाही!" आता तिघांनी आशेने तिच्याकडे पाहिलं. तिच्या ओठांवर काहीच येईना. तिचंही पाठांतर गोठलं होतं.

गाणं थांबलं. यंत्र तेवढं घरघरत राहिलं. सुलभाने शामकांतचा गार हात स्वेटरच्या बाहीत ओढून घेतला. "अहो, चुकलंच माझं. कशाला हवी होती थंडी?"

इतक्यात बाहेर कडी खडखडली आणि दार उघडलं.

समोर लख्ख ऊन, वाळू आणि वॉचमन लिम अंकल. टोपी काखेत, बूट बाजूला काढलेले, हात जोडलेले.

"फिनिश ऑलरेडी, आह?" त्यांनी हळूच विचारलं. "आय वेट लाँग टाइम. माय ब्लॉक, इंडियन आंटी ऑल्सो सिंग लाइक धिस. कॅनॉट डिस्टर्ब, लाह!" आणि त्यांनी अदबीने ओंजळ पुढे केली. "आफ्टर फिनिश, शी गिव्ह स्वीट."

उल्काने डब्यातला तिळाचा लाडू तीत ठेवला. अंकलनी तो चावला. टक् असा आवाज झाला. दात होता की लाडू, हे विचारायची कुणाला हिंमत झाली नाही.

तापल्या वाळूवर चौघं स्वेटर घालून बसून राहिले. कुणी काढायला तयार नव्हतं. शामकांत कुजबुजला, "सुलभा, मंत्रपुष्प पाठ असतं तर गं?"

पुढच्या गणपतीत आरत्या झाल्या आणि मंत्रपुष्पाला दुसऱ्याच ओळीवर सगळे अडकले. माना खाली घालून सगळे बोलणी खायची वाट पाहू लागले. सुलभाने फक्त फ्लॅटचं दार उघडं आहे ना, ते पाहिलं आणि प्रसाद वाटायला घेतला.