बरणीतली पृथ्वी

"पृथ्वी म्हणे! माझी लोणच्याची बरणी गेली ती गेलीच," अळूचे देठ सोलता सोलता कमलाबाई पुटपुटल्या. ऐकायला त्यांची सून उमा तेवढी होती.

बरणी नेली होती चिंतामणीमास्तरांनी, म्हणजे उमाच्या नवऱ्याने. तळाशी माती, वर पाणी, थोडं शेवाळ, एक गोगलगाय, नि झाकणाला मेण. "आता आत काही जायचं नाही, बाहेर काही यायचं नाही. कार्बन तोच, पाणी तेच. नुसतं फिरत राहणार," असं बजावून त्यांनी ती स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. शाळेतून आले की वही घेऊन तिच्यासमोर बसत.

महिन्याभरात शेवाळ पिवळं पडलं. तांदळाचं धुवण मोरीत ओतायची या घरात रीतच नव्हती. ते कुठल्या तरी झाडाला जायचं. उमाला राहवेना. तिने मेण खरवडलं, धुवण घातलं, मेणबत्तीने झाकण पुन्हा बुजवलं. पुढल्या महिन्यात पुन्हा. मेणाचा थर आपण लावला त्याहून जाड कसा, हे तिला कळेना. पण विचारणार कोणाला?

मग एके दिवशी बरणीत अळूचा कोंब आला.

"उमा! बंद पृथ्वीत नवी वनस्पती!" मास्तर ओरडले. उमाने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई घाईघाईने तुळशीला पाणी घालायला गेल्या, भांडं न घेताच.

मास्तरांनी मुंबईला पत्र धाडलं. तिथले प्राध्यापक बेहेरे संगणकात अख्खी पृथ्वी बसवत होते, नि हाताखाली चांगला निरीक्षक शोधत होते. मास्तरांचं उभं आयुष्य असल्या बोलावण्याची वाट बघण्यात गेलेलं. बेहेरे स्वतःच आले.

"पाणी तीन बोटं वाढलंय," वही चाळत ते म्हणाले.

"पावसाळा होता," मास्तर म्हणाले.

"बरणीत?"

उमा छताकडे बघू लागली.

"आणि आठ महिन्यांत शेवाळाचं अळू झालं?"

"रत्नागिरीची हवा फार दमट हो," कमलाबाई मध्येच म्हणाल्या.

"पण हवा आत जात नाही ना?"

"छे! जाईल कशी मेली?"

बेहेऱ्यांनी झाकण निरखलं. "मेण तर वाटीभर दिसतंय."

"मी चहा टाकत्ये," उमा म्हणाली. समोर तिघांचा चहा निवत होता.

बेहेऱ्यांनी चष्मा पुसून काचेला नाक लावलं. "मास्तर, वहीत गोगलगाय एक आहे. मला दोन दिसतायत."

उमाने सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी उमाकडे. दोघींनी माना हलवल्या. गोगलगाय त्यांची नव्हती.

मास्तरांनी वही मिटली. मुंबईची गाडी डोळ्यांसमोरून जाताना दिसावी तसा त्यांचा चेहरा झाला.

"झाकण उघडलं होतं, साहेब," ते म्हणाले. "या दोघींचं मला ठाऊक आहे. पण पहिल्यांदा मीच उघडलं. ती एकटी होती हो आत."