येते, म्हणजे जाते

लग्न खरं आहे हे सरकारला पटावं म्हणून सूनबाईनं मोबाइलवरचे एकशे सात निरोप छापून नेले, आणि नेमकं तिथंच घोडं अडलं.

शिकायच्या व्हिसावर ती या देशात आली होती. फावल्या वेळात चष्म्याच्या दुकानात भिंगं घासता घासता तिची नजर पडली समोरच्या पाववाल्यावर. तो मराठीच, पण इथला नागरिक. लग्न झालं; आता व्हिसाच्या जागी कायम राहायचं कार्ड हवं होतं. नाही मिळालं, तर महिनाअखेर नवरा भट्टीपाशी आणि ती विमानात!

कार्ड देणाऱ्या कचेरीतल्या साहेबांनी चष्मा पुसला. शेजारी तिथलाच दुभाषा बसला होता. निरोपांचं भाषांतर त्यानंच केलेलं.

"रोज सकाळी आठला तुम्ही नवऱ्याला लिहिता, 'मी येत आहे'. म्हणजे राहता दुसरीकडे आणि सकाळी याच्याकडे येता!"

"नाही हो साहेब, तेव्हा मी जाते. कामावर. हे रात्रपाळी करून झोपलेले असतात. उठवायला नको म्हणून लिहिते, 'येते हं'."

"जाताना येते?"

"हो."

"आणि संध्याकाळी सहाला हे लिहितात, 'मी येत आहे'."

"तेव्हा मी भट्टीवर जातो," पाववाला म्हणाला. "ही दुकानात असते ना!"

"म्हणजे दोघंही रोज येता, जात कुणीच नाही! राहता तरी कुठे?"

साहेबांनी साक्षीदार म्हणून आलेल्या सासूबाईंकडे मान वळवली. सासूबाईंना इथली भाषा येत नव्हती, पण आवाज भजनात कमावलेला.

दुभाष्यानं विचारलं, "तुमची सून रोज सकाळी घरातून जाते का?"

"देवा रे! जाईल कशाला? जावोत तिचे वैरी!"

"साहेब, ती घरातून जातच नाही, असं म्हणतात."

"मग दुकानात भिंगं कोण घासतं?"

"आई," पाववाला कळवळला, "आजच्या दिवस 'जाते' म्हण ना गं!"

"मेल्या, लक्ष्मीसारखी सून आणि मी तोंडानं 'जाते' म्हणू? जीभ झडेल माझी!"

दुभाष्यानं जीभ झडण्याचंही भाषांतर केलं. साहेबांनी घाबरून पाण्याचा पेला पुढं सरकवला आणि फाइल मिटली. "पुरे. तुम्ही आता जा."

सूनबाईचे डोळे भरून आले. दुभाष्यानं इमानेइतबारे सांगितलं, "साहेब म्हणतात, तुम्ही जा."

"जा?" सासूबाई ताडकन उठल्या. "ही काय बोलायची रीत झाली? माणूस निघालं की गोड तोंडानं 'या' म्हणावं! अरे बाबा, तू तर आपल्यातलाच ना? आज घरातून निघताना आईला काय सांगून आलास?"

दुभाष्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"येतो," तो पुटपुटला.

"काय म्हणतात त्या?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, चूक माझी आहे. शब्दाला शब्द लावायचा असा नियम, म्हणून लावला. पण आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत. परत येणार ना, म्हणून 'येतो' म्हणतात."

साहेबांनी फाइल पुन्हा उघडली. येते, येतो, येते, येतो... एकशे सात वेळा निघाले होते दोघं, आणि एकशे सात वेळा परत यायचा शब्द देऊन. त्यांनी शिक्का उचलला आणि धप्पकन मारला.

"देव पावला गं बाई!" सासूबाईंनी हात जोडले.

साहेबही उठून उभे राहिले. दुभाष्याच्या कानाशी लागून त्यांनी एक शब्द घोटून घेतला आणि हात जोडून, मोठ्या कष्टानं म्हणाले, "या!"

"आता कसं!" सासूबाईंचा चेहरा उजळला. त्या परत खुर्चीत ऐसपैस बसल्या आणि त्यांनी पिशवीतून लेकाच्या भट्टीचा पाव काढला. "एवढ्या प्रेमानं म्हणताय, तर बसते घटकाभर."

साहेबांनी गोंधळून दुभाष्याकडे पाहिलं.

"साहेब," दुभाषा खुर्ची पुढं ओढत म्हणाला, "कधीकधी 'या' म्हणजे खरंच 'या' असतं."