सिरोंच्याले ठेवलेलं लग्न

चंद्रपुरात व्हिडिओ सांभाळावा तर संघपालनं, असं लोक म्हणत. लोक म्हणजे मीच, पण चारचौघांत म्हणत होतो ना! दोन हजार सहाची गोष्ट सांगून राह्यलो. लग्नाची शूटिंग हा माहा धंदा. समोर दुकान, मागं घर, अन् मधल्या खोलीत मी स्वतःच्या हातानं जोडलेला सर्व्हर. घरातले तिन्ही कॉम्प्युटर त्याले जोडले होते. चार वर्षांतले सगळे लग्नं त्याच्या पोटात.

पण हुशार माणूस एकाच जागेवर भरोसा ठेवत नाई. घराले आग लागली, चोर आला, इरई नदीचं पाणी शिरलं, तर? सगळ्याची एक कॉपी घराबाहेर, दूर कुठीतरी पाहिजे. अन् स्वस्तात पाहिजे. मी कागद-पेन घेऊन बसलो. इंटरनेटवरून पाठवावं, तर आमच्या लायनीच्या स्पीडनं दहा महिने लागणार होते, तेही लोडशेडिंग सोडून. बँकेत लॉकर मागाले गेलो, तर साहेब म्हणे, वाट पाहणाऱ्यातले तिघं वारले तरी तुमचा नंबर अकरावाच हाय. अयूबभाई घड्याळवाला फुकटात ठेवाले तयार होता, पण त्याचं घर आमच्याच गल्लीत. पूर आला तर दोन्ही कॉप्या संगंच वाहत जातील.

मंग मले साळा आठवला. श्रावण. दोनशे किलोमीटर दूर, सिरोंच्यात. तिथी त्याचा केबल टीव्हीचा धंदा, म्हणजे माणूस आपल्याच लायनीतला. अन् साळा म्हटल्यावर भाडं कायचं? मी आमच्या खुशबूले सांगितलं तर ती भाकर थापता थापता थांबली.

"अजी, इचार करा."

"तिथच्या गोदावरीच्या पुराचं म्हणतेस ना? दोन्ही नद्या एकाच दिवशी थोड्याच येतात!"

"मी नदीचं नाई म्हणत. श्रावणचं म्हणून राह्यली."

सख्खी बहीण भावाले वळखते, हे मले तेव्हा समजाले पाहिजे होतं.

स्टीलच्या डब्ब्यात कापूस भरला, कापसात सगळ्या लग्नांच्या कॉपीची हार्डडिस्क ठेवली, झाकणाले चिकटपट्टी मारली अन् डब्बा सिरोंच्याच्या बसच्या कंडक्टरले देल्ला. साळ्याले फोन केला, का डब्बा येऊन राह्यला, उतरवून घे, त्यात लय मोलाचा माल हाय. श्रावण भल्लाच खूश झाला. एवढा खूश काऊन झाला, हे काही मी इचारलं नाई.

मंग मे महिना आला. आमचा मे तुमाले ठाऊकच असन. सत्तेचाळीस डिग्री. सर्व्हर असा तापला का त्याच्यावर पापड भाजावा. मी त्याले उचलून थेट कूलरच्या तोंडासमोर ठेवलं. दोन दिवस त्यानं खसच्या वासात मजेत काढले. तिसऱ्या दिवशी कूलरच्या पंपाची नळी निसटली अन् सगळं पाणी सर्व्हरच्या अंगावर! त्यानं एकदा टिक केलं, थोडा धूर सोडला अन् गेला. आतल्या डिस्काही त्याच्यासंगं गेल्या.

खरं सांगू? मले आनंद झाला. खुशबू फरशी पुसून राह्यली होती अन् मी तिले समजावून राह्यलो होतो, का पाह्य, याच दिवसासाठी माणसानं दूर एक कॉपी ठेवाची असते.

त्याच दिवशी दुपारी घुग्घुसचे बापूरावभाऊ आले. कोळसा खाणीतून रिटायर झालेला माणूस, आवाज खाणीतलाच. त्यांच्या धाकट्या पोरीच्या लग्नाची शूटिंग मी फेब्रुवारीमंधी, डब्बा पाठवाच्या पहिले केली होती, डीव्हीडी द्याची राह्यली होती. पण त्या दिवशी ते हळूच बोलून राह्यले होते. त्यांची माय, गिरजाबाई, आठ दिवसांपहिले वारली होती.

"शनिवारी तेरावा हाय," ते म्हणाले. "माय जिंदगीभर कधी नाचली नाई, संघपाल. सासू होती, मंग सासरा, मंग आमी. नातीच्या लग्नात ब्यांडसमोर एकदाच नाचली. ते तुह्यापाशी हाय. सगळ्या सोयऱ्यांले दाखवाचं हाय मले."

मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "भाऊ, शनिवारी दाखवा. माही जबान हाय." क्यामेऱ्याच्या मूळ क्यासेटींवर तोवर मी दुसरे तीन लग्नं काढून बसलो होतो, हे मी त्यांले सांगितलं नाई. कायले सांगू? डिस्क होती ना!

श्रावणले फोन केला, डब्बा वापस पाठव. दोन दिवसांनी डब्बा आला. पहिले वास आला. उघडून पायतो तर कापूस गायब, वरपर्यंत गोदावरीची सुकी मासोळी! मासोळीच्या खाली प्लास्टिकच्या थैलीत डिस्क. कॉम्प्युटरले लावली. बासष्ट तेलुगू पिक्चर! एक लग्न नाई, एक बारसं नाई. पुसलेलं वापस काढाचं सॉफ्टवेअर लावलं, तर त्यातूनही आणखी दोन तेलुगू पिक्चर निघाले.

फोन लावला.

"श्रावण, माहे लग्नं कुठी हाय बे?"

"भाऊजी, ते तर कवाच संपले!" तो म्हणाला. "डब्बाही भरला अन् डिस्कही भरली. बहिणीच्या घरून आलेलं भांडं रिकामं वापस पाठवतात काय? मायनं तसं नाई शिकवलं आमाले."

म्हणजे आपण शेजारच्या घरून आलेली भाजी खातो, भांडं घासतो अन् त्यात आपल्या घरचं काही घालून देतो, तसं या माणसानं केलं होतं. चार वर्षांचे लग्नं खाल्ले, डिस्क घासली अन् पिक्चर वाढून देल्ले. त्याच्या केबलवर रोज दुपारी दाखवाले काही लागे. भाऊजीनं मोलाचा माल पाठवला म्हणून त्यानं तो सिरोंच्याले दाखवून टाकला. डोळ्यासमोर बापूरावभाऊ दिसाले लागले. म्हातारी दुसऱ्यांदा मेली होती, अन् या खेपेले मी मारली होती.

मी रडकुंडीले येऊन त्याले म्हातारीचं सांगितलं. तो एकदम म्हणाला, "नाचणारी आजी? तिची डीव्हीडी हाय ना माह्यापाशी. लोकायनं फर्माईश करून चारदा लावाले लावली!"

डीव्हीडी शुक्रवारी रातच्या बसनं आली. शनिवारी घुग्घुसले, पाहुण्यांनी भरलेल्या मांडवात, मी ती लावली. एकदाही पहिले पाह्यली नव्हती, वेळच नव्हता. तीन तासांचं लग्न श्रावणनं पंचवीस मिनिटांवर आणलं होतं. मंडप, आहेर, जेवणाच्या पंगती, फोटोसाठी उभे राह्यलेले सोयरे, सगळं उडवलेलं. राह्यली फक्त म्हातारी. कंबरेवर हात, डोक्यावरून पदर, नातीचा हात धरून गरगर फिरून राह्यलेली. अन् तिच्या पायाखालून केबलवरची जाहिरात सरकून राह्यली होती: लच्छू किराणा, बसस्टँडजवळ, ताजा बोकड दर रविवारी.

मी चपला कुठी काढल्या ते पाहून ठेवलं.

मांडवातली एक बुढी हळूच म्हणाली, हा लच्छू कोण, आपल्यातलाच हाय का? बापूरावभाऊ डोळे पुसत होते. संपल्यावर म्हणाले, "वापस लाव." तीनदा लावली. तिसऱ्या वेळी बाया रडता रडता हसाले लागल्या. मंग भाऊंनी मले मांडवाबाहेर नेलं. मी म्हटलं, भाऊ, चुकलंच माहं, ते खालचं किराणावाल्याचं...

"किराणा राहू दे," ते म्हणाले. "मोठ्या पोट्टीच्या लग्नाची तू देल्लेली क्यासेट तीन तासांची हाय. आमच्या घरात ती कोणीच पुरी पाह्यली नाई. हे कोणी बनवलं?"

"साळ्यानं."

"डिसेंबरात धाकट्या पोराचं लग्न हाय. त्याचा नंबर दे."

देल्ला. पाठच होता, त्या आठवड्यात पन्नास वेळा लावला होता. अन् डिसेंबरातल्या त्या लग्नात मीही होतो बरं का. श्रावणच्या मागं, लाईट धरून.