सारजाबाईचे काटे आणि बोलीचा वड

मुलांनो, गलका बंद करा आणि नीट मांडी घालून बसा. आजची गोष्ट फुकट आहे. तात्पर्याचे मात्र वेगळे पडतील. ते शेवटी बघू.

एका जंगलात, ओढ्याच्या अलीकडे, सारजाबाई नावाची एक साळिंदरीण राहत होती. तिला दोन पिल्लं होती. पिल्लांचा बाप एक दिवस कंदमुळं शोधायला गेला तो परत आलाच नाही. जंगलात असं होतं. त्यावर कुणी फार बोलत नाही.

साळिंदराच्या अंगावर काय असतं? शाबास, काटे. वाघ आला की साळिंदर पळत नाही. ते वाघाकडे पाठ करतं, काटे फुलवतं, खुळखुळ वाजवतं आणि तसंच उलटं त्याच्या अंगावर धावून जातं. पाठ दाखवून जिंकणारं असं दुसरं जनावर माझ्या तरी पाहण्यात नाही. सारजाबाईला हे तिच्या आईनं शिकवलं होतं आणि आईला आजीनं.

हे काटे अधूनमधून आपोआप गळतात. गळलेले काटे सारजाबाई धुऊन-पुसून ठेवी आणि ओढ्याकाठच्या जांभळाखाली बसून विकी. शिंपीण पाखरू पानं शिवायला सुई म्हणून काटा नेई. माकडिणी भांग पाडायला नेत. मुंगूस जेवणानंतर दात कोरायला नेई. एका काट्याला दहा चिंचोके. त्या जंगलात चिंचोके चालत. तुमच्याकडे काय चालतं ते मला ठाऊक आहे, खिशातून हात काढा.

“दहा?” शिंपीण दर खेपेला किंचाळे. “अगं सारजे, मागचा काटा वाकडा निघाला!”

“काटा सरळच होता. तुझी नजर वाकडी.”

“आठ घे.”

“नऊ दे. आणि पोरांसाठी चार जांभळं पाड वरची.”

शिंपीण नऊ चिंचोके मोजून देई, जांभळं पाडी, पिल्लांचा खोकला बरा झाला का ते विचारी आणि उडून जाई. सारजाबाईच्या पदरात नऊ पडत. नऊचे नऊ. हे नीट ध्यानात ठेवा, पुढं असं काही होणार नाही.

एक दिवस जंगलात तरसराव आले. तरसाला विनाकारण हसायची खोड असते. तरसराव प्रत्येक वाक्यानंतर हसत, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटे की आपल्या भल्याचंच काही चाललंय.

“उन्हात कशाला बसता, सारजाबाई?” तरसराव म्हणाले. “टेकडीवरच्या वडावर मी माकडं बसवली आहेत. तुम्ही माल सांगायचा. माकडं या फांदीवरून त्या फांदीवर ओरडत तो थेट ओढ्यापलीकडच्या डोंगरापर्यंत पोचवतील. ज्याची बोली मोठी, त्याचा माल. तुम्ही बिळात पाय पसरून बसा. चिंचोके बिळात येतील.”

“ते कसे?”

“आमच्या मानलेल्या भगिनी घूसबाई. त्यांनी जंगलाखालून भुयारं खणली आहेत. गिऱ्हाईक त्या टोकाला चिंचोके टाकेल, ते तुमच्या टोकाला बाहेर पडतील.”

“आणि यात तुमचं काय?”

“आम्ही सेवा करतो,” तरसराव म्हणाले आणि हसून हसून लोळले. “पहिला महिना फुकट!”

पहिल्याच काट्याला पंधराची बोली लागली. पंधराचे पंधरा चिंचोके घरंगळत बिळात आले. सारजाबाईनं पिल्लांना घेऊन फेर धरला. फुगडी घातली नाही, साळिंदरांनी घालू नये.

महिनाभरात जांभळाखाली शुकशुकाट झाला. शिंपीणसुद्धा घरट्यात बसून माकडाला बोली सांगू लागली. एकदा सारजाबाई जुन्या जागी जाऊन बसली, तेव्हा दिवसभरात तिच्या अंगावर फक्त जांभळं पडली.

दुसऱ्या महिन्यात बाराची बोली लागली आणि बिळात पाच चिंचोके आले. सारजाबाईला वाटलं, बाकीचे अडकले असतील. तिनं भुयारात खांद्यापर्यंत पाय घातला. हाती माती लागली. मग ती टेकडी चढून वडाकडे गेली.

तरसराव आता कुणाला भेटत नसत. खालच्या फांदीवर त्यांनी एक पोपट बसवला होता.

“पोपटदादा, बोली बाराची लागली. मला पाच आले. कुठं सांडलेत का बघा जरा.”

“आपण वडाच्या मोलाच्या सभासद आहात,” पोपट म्हणाला.

“ते असू दे. माझे सात कुठं गेले?”

“मांडणावळ दोन.”

“कसली मांडणावळ? मी काही मांडलं नाही. नुसतं सांगितलं.”

“ओरडणावळ तीन. माकडांचे घसे बसतात. धाडणावळ एक, भुयाराची. मोजणावळ एक. घूसबाई चिंचोके मोजतात.”

“अहो, मी मोजते की! फुकट मोजते! आणि काटा पोचवायला ससा लागतो, त्याला एक चिंचोका मी पदरचा देते, तो वेगळाच.”

“सशाच्या चिंचोक्यावरही ओरडणावळ लागते,” पोपट म्हणाला. “बरं झालं आठवण केलीत.”

सारजाबाई टेकडी चढली तेव्हा पाचांची धनीण होती. उतरली तेव्हा चारांची. त्या दिवसापासून तिनं शंका विचारणं सोडून दिलं.

पण ती काही भोळीभाबडी नव्हती. बाजारात बसून वाढलेली बाई. तिनं काट्याचा भाव वीस केला. तेव्हा कळलं की भाव वाढला की ओरडणावळही वाढते, कारण मोठा आकडा ओरडायला जास्त दम लागतो. शिवाय वीसला काटा कुणी घेतला नाही, आणि न विकलेल्या मालाची मांडणावळ पुन्हा पडली. मग तिनं भाव आठ केला. बोली लागली, काटा गेला आणि बिळात एक चिंचोका आला. तोही किडका.

मुंगसानं तर कहरच केला. काटा नेला, आठ दिवस दात कोरले आणि वडावर तक्रार केली, “काटा टोचतो.”

“पोपटदादा, काटा टोचणार नाही तर काय गुदगुल्या करणार?”

“गिऱ्हाइकाचं समाधान हाच आमचा धर्म,” पोपट म्हणाला.

मुंगसाला चिंचोके परत मिळाले. सारजाबाईला णावळी परत मिळाल्या नाहीत. त्या वडावर गिऱ्हाईक खूश झालं की विकणाऱ्याच्या नावावर पाच पानं बांधी. मुंगसानं एकच बांधलं. कमी पानांच्या मालाचं नाव माकडं तोंडातल्या तोंडात घेत. सारजाबाईला मुंगसाच्या नावावर काही बांधायचं होतं, ते पान नव्हे. पण तशी सोयच नव्हती.

अशात एकच गिऱ्हाईक देवासारखं भेटलं. ओढ्यापलीकडचं. वडाच्या नियमानं गिऱ्हाइकाचं नाव कळत नसे. पण ते दर आठवड्याला बोली लावी, घासाघीस करत नसे, पाच पानं बांधी आणि निरोप धाडी, “माल उत्तम. अजून पाठवा.”

“देव त्याचं भलं करो,” सारजाबाई म्हणे. “जंगलात अजून चांगली जनावरं आहेत.”

अजून पाठवा, पण आणायचे कुठून? काटे गळतात ते आपल्या वेळेनं. पूर्वी एक काटा विकून चार दिवस निघत. आता तेवढ्यासाठी तीन काटे लागत. एका सकाळी पिल्लं भुकेनं कुरकुरू लागली, तेव्हा सारजाबाईनं मान मागे वळवली, पाठीवरचा एक काटा दातात धरला आणि उपसला.

फार दुखलं. डोळ्यांत पाणी आलं. काट्याच्या मुळाला रक्त होतं, ते तिनं ओढ्यावर जाऊन धुतलं, कारण रक्ताचा डाग दिसला तर पानं कमी पडतात.

पहिला काटा उपसणं कठीण असतं, मुलांनो. नंतर सवय होते.

काही दिवसांनी ओढ्यावर शिंपीण भेटली. सारजाबाईची पाठ बघून तिची चोचच वासली.

“सारजे, हे गं काय? अंगावरचे विकतेस?”

“गळलेल्यात भागत नाही.”

“अगं, पण मी काट्याला बारा मोजते!”

“आणि मला पाच मिळतात.”

दोघींनी मनातल्या मनात बारातून पाच वजा केले. मग शिंपीण हळूच म्हणाली, “नऊ घे. हातावर. पहिल्यासारखे.”

सारजाबाईनं काटा पुढं केला तोच वरच्या फांदीवरून माकड ओरडलं. थोड्याच वेळात पोपट हजर.

“ज्या गिऱ्हाइकानं वडावर तुमचा माल एकदा पाहिला, ते गिऱ्हाईक कायमचं वडाचं,” पोपट म्हणाला. “तुमच्या दोघांतला कुठलाही सौदा, कुठल्याही मालाचा, कुठेही झाला तरी णावळ लागू. लपून केला तर दुप्पट.”

“अहो, हिला मी अंड्यातून बाहेर आल्यापासून ओळखते!”

“ओळखणावळीचा विचार चालू आहे,” पोपट म्हणाला.

दुप्पट णावळ भरायला सारजाबाईला आणखी काटे उपसावे लागले. ते ओढ्यापलीकडच्या देवमाणसानं लगेच घेतले. असं करता करता पाठीवर एकच काटा उरला. मग तोही गेला.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना सारजाबाई बिळाच्या तोंडाशी बसली होती. समोरची झुडपं हलली आणि वाघ बाहेर आला.

सारजाबाईला भीती वाटली ती आतल्या पिल्लांची. त्यांचे काटे अजून गवतासारखे मऊ होते. तिनं आईनं शिकवलं तेच केलं. वाघाकडे पाठ केली, अंग फुलवलं, शेपूट झाडली. काहीच वाजलं नाही.

“माल उत्तम,” वाघ म्हणाला.

सारजाबाईनं मान वळवून पाहिलं. वाघाच्या मागं तिच्याच काट्यांची भली मोठी मोळी होती.

“तुम्ही?”

“दर आठवड्याला,” वाघ म्हणाला. “तुझ्या आईनं माझ्या बापाच्या पंजात काटे घुसवले होते. जन्मभर लंगडला तो. मी म्हटलं, आपण विकतच घेऊ.” त्यानं पंजा उचलला.

“थांबा!”

पोपट धापा टाकत उतरला. मागं चार माकडं.

“वडाचं गिऱ्हाईक, वडाची विक्रेती, आणि सौदा वडाबाहेर?”

“कसला सौदा? मी हिला खातोय.”

“म्हणजे माल घेताय. मांडणावळ, मागचा एक पाय. ओरडणावळ, मागचा दुसरा. धाडणावळ काळीज. मोजणावळ शेपटीकडचा भाग. आणि कालपासून गिऱ्हाइकालाही अर्धी णावळ लागू झाली आहे, म्हणजे पुढचे दोन्ही पाय.”

वाघ मनाशी हिशोब करू लागला. “मग मला काय उरतं?”

“नखं आणि मिशा. समाधान झालं नाही तर परत करता येतील.”

“पोपटा, मी तुलाच खाईन!”

“अवश्य,” पोपट म्हणाला. “मग वडावरचं तुमचं नाव पुसलं जाईल. कासवाच्या ढालीवर आपली बोली आहे. सांबराच्या शिंगांवर आहे. रानडुकराचे सुळे अर्धे घेऊन झालेत. ते सगळं बुडेल.”

वाघानं पंजा खाली घेतला.

“हे मला परवडत नाही,” तो म्हणाला आणि मोळी तोंडात धरून ओढ्यापलीकडे निघून गेला. जंगलाचा राजा जाताना इतका दमलेला दिसला की सारजाबाईला क्षणभर त्याची कीव आली. त्याची अवस्था तिच्या ओळखीची होती.

तिनं पोपटाच्या पायांवर लोळण घेतली. “दादा, तुमच्यामुळे माझी पोरं वाचली!”

“आपली सेवा हाच आमचा आनंद,” पोपट म्हणाला. “आता वाचवणावळ.”

“माझ्याकडे काही उरलं नाही हो.”

“काटे पुन्हा उगवतात. उगवतील ते वडाचे. पिल्लांचेही. आणि जाता जाता पाच पानं बांधा.”

सारजाबाईनं बांधली. मनापासून बांधली, हेच मला सांगताना वाईट वाटतं.

पुढं पाठीवर पहिला नवा काटा तांदळाएवढा वर आला. सारजाबाईनं तो अजून पाहिलाही नव्हता. पण वडावरून आरोळी सुरू झाली होती, आणि ओढ्यापलीकडून बोली लागलीसुद्धा.

तात्पर्य: (याचे वेगळे पडतात, आठवतंय ना? टोपली दारात ठेवली आहे.) मुलांनो, दलालाच्या नावानं कधी बोटं मोडू नयेत. वाघ आपल्याला एकदाच खातो. जो रोज थोडं थोडं खातो, तो आपल्याला मरू देत नाही.