माझ्या पायांशी बोलणारे दाजीकाका

दाजीकाका माझ्याशी कधी बोलतच नसत. बोलायचे ते माझ्या पायांशी. समोर आले की मान खाली घालून म्हणत, "काय रे डाव्या, आज तरी शुद्धीवर आहेस का?" उजव्याची चौकशी मागाहून. वर डोकं म्हणून काही आहे आणि ते मुंबईच्या कॉलेजात शिकतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

ठाण्याला कलेक्टरसाहेबाच्या कचेरीत कारकुनी करून पेन्शनीत निघालेले हे आमचे कल्याणचे शेजारी. अंगाने काटकुळे, घरात एकटे, आणि आट्यापाट्यांचं भारी वेड. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी आलो तो सहा फुटांच्या वर गेलेला. दारातच कपाळ आपटलं. आई हळद आणायला धावली आणि काका टाळी वाजवून ओरडले, "पाटी धरायला माणूस मिळाला!"

पाटी म्हणजे जमिनीवर आखलेली रेघ. तिच्यावरून पाय न काढता समोरच्याला अडवायचं. अक्षयतृतीयेला ठाणेकर खेळायला येणार होते, आणि तीन वर्षं आमचं गाव त्यांच्याकडून हरत होतं.

हात माझे लांब होते, पण समोरच्याने नुसता खांदा हलवला की मी सबंधच्या सबंध तिकडे कलंडायचो. झालं! काकांनी आपल्या अंगणात राखेची रेघ ओढली. माझ्या डोक्यावर आमच्याच घरचा पाण्याने भरलेला तांब्या ठेवून मला तिच्यावर आडवं पळवायचे. पाणी सांडलं की, "उंची देवानं दिली, पाय तू दे!" हे दिवसातून वीसदा. मग पगडी काढून, काचा मारून हा साठीचा गृहस्थ स्वतः समोर उभा राही, उजवा खांदा पाडी, डावीकडून सटके, आणि मी तोंडघशी!

आई वैतागून म्हणाली, "भावजी, तो अभ्यासाला आलाय हो!"

"अभ्यासच चाललाय, वहिनी."

मी इतका कावलो होतो की सामना संपला की पुन्हा या अंगणात पाऊल टाकायचं नाही, अशी शपथच घेतली.

सामन्यात शेवटचा ठाणेकर माझ्यासमोर आला आणि त्याने उजवा खांदा पाडला. माझे पाय हललेच नाहीत. तो डावीकडून निघाला तो थेट माझ्या तळहातावर. आम्ही जिंकलो!

मानाचा नारळ घेऊन मी काकांकडे गेलो. छाती धडधडते म्हणून ते सामन्याला आलेच नव्हते. अंगणात वाकून केरसुणीने राखेची रेघ पुसत होते.

"आरडाओरड ऐकली," ते माझ्या पायांना म्हणाले. "आता काय, सुटलात तुम्ही. तांब्या तेवढा आईला नेऊन दे."

रेघ केव्हाच पुसली गेली होती, तरी केरसुणी तिथेच फिरत होती. या घरात त्यांना बोलायला दुसरं कोणी नाही, हे मला तेव्हा कुठे उमगलं. माझ्या शपथेची मला लाज वाटली.

"काका, डावा अजून चुकतो," मी साफ खोटं बोललो. "कॉलेज उघडायला महिना आहे."

केरसुणी थांबली. काकांनी मान वर केली, चांगलीच वर करावी लागली, आणि प्रथमच माझ्या तोंडाकडे पाहिलं. डोळे भरून आले होते.

"मला ठाऊकच होतं," ते म्हणाले, आणि राख आणायला आत गेले.